मुलाला आज शाळेत पाठवावे की घरी ठेवावे?

वर्गावर काही वर्षे काढलेल्या कोणत्याही शिक्षकाला विचारले, तर तो सांगेल की पालक या बाबतीत बहुतेक वेळा उलटा निर्णय घेतात. नाक वाहते आहे, रात्री झोपायला उशीर झाला, बाहेर रिमझिम सुरू आहे, गावाहून मावशी आली आहे, अशा कारणांनी धडधाकट मूल घरी राहते. आणि घटक चाचणी आहे म्हणून, किंवा आईवडील दोघांनाही रजा मिळत नाही म्हणून, अंगात ताप असलेले मूल सकाळी पॅरासिटामॉलचे सिरप घेऊन शाळेत येते. पहिल्या दोन-तीन तासिका ते बरे दिसते. औषधाचा अंमल चार ते सहा तासांत उतरतो आणि मधल्या सुट्टीच्या सुमारास ते बाकावर डोके टेकून बसलेले आढळते. गाल लाल झालेले असतात, डबा उघडलेलाच नसतो आणि तोवर त्याची पाण्याची बाटली शेजारच्या दोघांनी तोंडाला लावून झालेली असते.

असे होते, कारण निर्णय सकाळच्या घाईत आणि कोणताही ठरावीक निकष न लावता घेतला जातो. पुढे दिलेले निकष सर्वसाधारण प्रकृतीच्या शाळकरी मुलांसाठी आहेत. जन्मजात हृदयविकार, कर्करोगावरील उपचार किंवा असा एखादा मोठा आजार असलेल्या मुलाच्या बाबतीत त्याच्या डॉक्टरांचा शब्दच अंतिम मानावा.

खाड्यांचा हिशेब

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० कामाचे दिवस ठरवून दिले आहेत. सण, रविवार, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी वजा जाऊन उरणारे हे दिवस आहेत. महिन्याला दोन खाडे घरात कोणाच्या लक्षातही राहत नाहीत, पण शाळेच्या दहा महिन्यांत ते वीस होतात, म्हणजे प्राथमिक वर्गाच्या किमान दिवसांचा दहावा भाग. अनेक देशांतील शिक्षण खाती दहा टक्के दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलाकडे विशेष लक्ष देतात आणि त्यात आजारपणाचे खाडेही मोजतात; कारण मूल कशामुळे आले नाही, यावरून बुडालेला धडा परत मिळत नाही.

हे नुकसान लहान वर्गांत सर्वांत आधी गणितात दिसते. दुसरीच्या वर्गात ५२ मधून २७ वजा करायचे असतात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक दशक सुटा करून दोनाचे बारा करायचे, हे बाई एका दिवशी काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवतात, दुसऱ्या दिवशी फळ्यावर मांडतात आणि तिसऱ्या दिवसापासून उदाहरणे घालू लागतात. जे मूल पहिले दोन दिवस वर्गात नव्हते, ते मोठ्या अंकातून लहान अंक वजा करण्याची सोपी वाट स्वतःच शोधून काढते आणि उत्तर ३५ लिहिते. मैत्रिणीच्या वहीतून दोन्ही दिवसांचा अभ्यास उतरवून घेतला, तरी सोडलेला गठ्ठा काही वहीत नसतो. ही चुकीची सवय चौथीपर्यंत टिकलेली अनेकदा दिसते आणि मग घरी ‘याचे गणित कच्चे आहे’ असा निष्कर्ष निघतो.

मोठ्या वर्गांत प्रश्न नियमांचाही होतो. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती लागते. सहा ते चौदा वयोगटातील मूल पटावर नाव असूनही सलग महिनाभर शाळेत आले नाही, तर महाराष्ट्रात त्याची गणना शाळाबाह्य मुलांमध्ये होते आणि शिक्षक घरी चौकशीला येतात. ती चौकशी म्हणजे आपल्यावर आलेले किटाळ आहे असे पालकांनी मानू नये, कारण ती मुलाच्या हक्कासाठीच असते.

सगळ्यांत सोपा उपाय असा की भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर प्रत्येक खाड्याच्या दिवशी गोल करून त्यात एका शब्दात कारण लिहावे. दोन महिन्यांनी ते पान पाहिले की आपल्याला वाटले होते त्यापेक्षा गोल जास्त निघतात. बहुतेक गोल सोमवारी किंवा सुट्टीला लागून आलेले दिसले, तर आजारपणाचे कारण देण्यात अर्थ नाही.

सकाळी पाहायच्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट ताप. कपाळाला तळहात लावून काढलेला अंदाज फसवा असतो, म्हणून घरात एक साधा डिजिटल थर्मामीटर असावा आणि ताप औषध देण्याआधी मोजावा. १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल तर शाळा नाही. काखेत मोजलेला आकडा शरीराच्या खऱ्या तापमानाहून थोडा कमी येतो, हेही ध्यानात ठेवावे. तापाचे औषध न देता सलग २४ तास ताप आला नाही, तरच मुलाला पाठवावे. या नियमाचा एक उपयोग लगेच लक्षात येत नाही: संध्याकाळी सहा वाजता १०१ ताप असलेल्या मुलाचा उद्याचा दिवस घरी जाणार, हे रात्रीच ठरलेले असते. मग कोणी रजा घ्यायची, आजीला बोलवायचे की शेजारच्या काकूंना सांगायचे, याची व्यवस्था शांतपणे करता येते आणि सकाळी सिरपच्या बाटलीकडे हात जात नाही.

दुसरी गोष्ट मुलाची उमेद. नेहमीसारखे खाते-पिते आहे का, लघवीला झाली का, बोलते-भांडते आहे का, आणि पाच-सहा तास वर्गात बसू शकेल का? तिसरी गोष्ट म्हणजे त्याला जे झाले आहे ते वर्गात पसरणारे आहे का. या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर प्रतिकूल असेल तर मूल घरी राहील; तिन्ही उत्तरे ठीक असतील तर दप्तर भरावे आणि फार चर्चा करू नये.

धाप लागणे, मान ताठ होणे, गुंगी, झटके, सात-आठ तास लघवी न होणे, यांपैकी काहीही दिसले तर प्रश्न शाळेचा राहत नाही; तत्काळ दवाखाना गाठावा. पावसाळ्यात दोन दिवसांपेक्षा जास्त ताप राहिला तर घरगुती उपाय थांबवून रक्ततपासणीसाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

कोणत्या आजारात किती दिवस

उलट्या किंवा जुलाब होत असतील, तर शेवटची उलटी वा जुलाब होऊन किमान २४ तास, आणि जमल्यास ४८ तास मूल घरी असावे. शाळेतील नळ, ताटे आणि स्वच्छतागृहे सगळ्यांची असतात, हे त्यामागचे कारण. घरी ओआरएसचे पाणी थोडे थोडे देत राहावे.

कांजिण्यांत सगळे फोड सुकून खपल्या धरेपर्यंत थांबावे लागते आणि त्याला पुरळ उठल्यापासून साधारण पाच ते सात दिवस जातात. अंथरुणावर कडुलिंबाचा पाला ठेवण्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही, पण ‘देवी आली आहे’ म्हणून डॉक्टरांकडे जाणे टाळू नये आणि या आजारात मुलाला ॲस्पिरिन कदापि देऊ नये. गोवरात पुरळ उठल्यानंतर पूर्ण चार दिवस मूल घरी ठेवावे. गोवराचा विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकून राहतो, त्यामुळे लस न घेतलेल्या वर्गमित्रांना तो सहज गाठतो. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत झालेल्या उद्रेकाने लसीकरण चुकले की काय होते ते दाखवून दिले. नऊ महिन्यांचा आणि दीड वर्षाच्या सुमाराचा असे गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस झाले आहेत का, हे शाळेत नाव घालतानाच कार्डावर पाहून घ्यावे. गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस घरी राहावे लागते. डांग्या खोकल्यात प्रतिजैविक सुरू करून पाच दिवस व्हावे लागतात. हिपॅटायटिस ए प्रकारच्या काविळीत डोळे पिवळे दिसू लागल्यापासून किमान आठवडाभर मूल घरी हवे, आणि त्यानंतरही थकवा जाईपर्यंत खेळाच्या तासाला सूट मागावी.

डोळे येण्याबद्दल गैरसमज फार आहेत. २०२३ च्या पावसाळ्यात ही साथ महाराष्ट्रभर पसरली होती, तेव्हा अनेक पालकांनी मुलांना काळा चष्मा लावून शाळेत पाठवले. ही लागण बघितल्याने होत नाही; ती हात, रुमाल, टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यातून होते. काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो, इतकेच. डोळ्यांतून घाण आणि पाणी येणे थांबेपर्यंत मूल घरी ठेवावे, टॉवेल वेगळा करावा आणि औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत, कारण त्यांत स्टेरॉइड असले तर अपाय होऊ शकतो.

डेंग्यूची गोष्ट वेगळी आहे. डेंग्यू एका मुलाकडून दुसऱ्याकडे थेट जात नाही, तो डासातून जातो. तरीही तापाचा २४ तासांचा नियम येथे पुरेसा ठरत नाही. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास सर्वांत धोक्याचे असू शकतात, आणि नेमके तेव्हाच ‘आता बरा झाला’ म्हणून मुलाला शाळेत पाठवले जाते. पोटात तीव्र दुखणे, पुन्हा पुन्हा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, विलक्षण मरगळ, ही लक्षणे त्या दोन दिवसांत कोणीतरी घरी पाहत असले पाहिजे. डॉक्टरांनी स्पष्टपणे हो म्हटल्याशिवाय डेंग्यू झालेले मूल वर्गात पाठवू नये.

खरजेत पूर्ण अंगाला मलम लावून पहिला उपचार झाला की दुसऱ्या दिवशी शाळा चालते. मात्र घरातील सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात, नाहीतर महिन्याभरात तेच मूल पुन्हा खाजवत बसते. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यासाठी क्षयाची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

घरी ठेवण्याइतके काही नसते तेव्हा

ताप नसलेली सर्दी, उरलासुरला खोकला, डोक्यात उवा, औषध सुरू केलेला आणि कपड्याखाली झाकलेला नायटा, हाताला घातलेले प्लास्टर, पडलेला दात: यांपैकी कोणत्याही कारणाने मूल घरी ठेवण्याची गरज नाही. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे स्वाभाविक आहे. प्रत्येक सर्दीला दोन दिवस धरले तर बारा ते सोळा दिवस एवढ्यातच जातात. खिशात दोन रुमाल द्यावेत, शिंकताना कोपराआड तोंड धरायला शिकवावे आणि पाठवावे.

बाळदमा असलेल्या मुलाला धाप नसेल तर शाळेत पाठवावे, मात्र इनहेलर दप्तराच्या कोणत्या कप्प्यात आहे आणि तो कसा द्यायचा, हे वर्गशिक्षकांना प्रत्यक्ष दाखवून ठेवावे. फिट येणाऱ्या मुलाबाबतही असेच करावे. नंदुरबार, पालघर, गडचिरोली अशा भागांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेली मुले वारंवार गैरहजर राहतात. त्यांना वर्गात हवे तेव्हा पाणी पिता यावे, थंडीत बाहेर उभे करू नये आणि खेळात दमवू नये, एवढी सूचना शाळेने पाळली तरी काही खाडे टळतात.

मासिक पाळीमुळे महिन्याला दोन-तीन दिवस शाळा बुडवणाऱ्या मुलींचा प्रश्न बहुधा दुखण्यापेक्षा सोयीचा असतो. दप्तरात जादा पॅड, कागदाची पिशवी आणि एक जादा कपडा असावा, आणि स्वच्छतागृहाला पाणी व आतून कडी नसेल तर आयांनी मिळून मुख्याध्यापकांकडे तक्रार करावी. दर महिन्याला अंथरुणातून उठवत नाही इतके दुखत असेल, तर ते सोसायचे असते असे सांगून तिची समजूत काढू नये, डॉक्टरांकडे न्यावे.

शाळेत जंतनाशक गोळी, लसीकरण किंवा आरोग्य तपासणी असलेल्या दिवशी मुद्दाम घरी ठेवण्याची पद्धतही काही घरांत आहे. हे चुकीचे आहे. जंतनाशक गोळीनंतर ज्या मुलांच्या पोटात जंत जास्त असतात त्यांना थोडे मळमळते, ते बहुधा काही तासांत शमते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा हृदयातील दोष, कमी दिसणे, कमी ऐकू येणे अशा गोष्टी पकडल्या जातात आणि पुढील उपचाराची वाट मोकळी होते. मूल त्या दिवशी खरोखर आजारी असेल, तर तेवढे शिक्षकांना कळवून गोळी पुढे ढकलावी.

रविवारी रात्री दुखणारे पोट

शनिवारी दुखत नाही, रविवारी दुपारी मैदानावर दुखत नाही, आणि रविवारी रात्री जेवण झाल्यावर दुखू लागते, अशा पोटदुखीला पालक एकतर नाटक म्हणतात नाहीतर थेट सोनोग्राफी करून घेतात. दोन्हींची घाई करू नये. दुखणे खरे असते, पण त्याचे मूळ भीतीत असू शकते. एकदा डॉक्टरांना दाखवून शारीरिक कारण नाही याची खात्री करावी. रात्री झोपेतून जागे करणारी पोटदुखी, घटणारे वजन किंवा शौचातून रक्त यांना मात्र भीतीच्या खात्यात टाकू नये.

त्यानंतर विचारणे सुरू करावे, आणि ते ‘शाळेत का जायचे नाही?’ असे विचारू नये, कारण या प्रश्नाला मुलाकडे बहुधा उत्तर नसते. बसमध्ये कोणाशेजारी बसतोस, मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खाल्लास, स्वच्छतागृहात जातोस का, कोणत्या तासाला पोटात गोळा येतो, असे बारीक प्रश्न विचारले की कारण हळूहळू बाहेर येते. कोणी डबा हिसकावत असतो, कोणी नावाने चिडवत असते, पाढे न आल्यामुळे वर्गासमोर उभे राहावे लागते, किंवा आठ तास कोंडून धरावे इतके स्वच्छतागृह घाण असते. हे मुलाने सांगितले की आधी वर्गशिक्षकांना एकांतात भेटावे, नंतर मुख्याध्यापकांना लेखी द्यावे, आणि सरकारी वा अनुदानित शाळेत तेवढ्याने भागले नाही तर शाळा व्यवस्थापन समितीकडे जावे. तीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात. मारणे आणि मानसिक छळ यांना २००९ च्या कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे, त्यामुळे ‘शिस्तीसाठी दोन दिल्या’ हे उत्तर ऐकून परतण्याची गरज नाही.

या काळात मुलाला घरी ठेवणे हा दयाळूपणा वाटतो, पण त्याने भीती वाढते. एक दिवस चुकवल्यावर जी सुटका वाटते, ती मुलाला शिकवते की चुकवणे हाच उपाय आहे. दुसऱ्या दिवशी पाय अधिक जड होतात, आणि आठवडा गेला की मित्र काय विचारतील ही नवी भीती तीत मिसळते. म्हणून कारणाचा शोध सुरू असतानाच मुलाने शाळेत जावे, हवे तर पहिले काही दिवस दारापर्यंत बाबांनी सोबत करावी, पहिल्या तासिकेला आवडत्या बाईंनी जवळ बसवावे. अपवाद एकच: मारहाण किंवा लैंगिक त्रासाचा संशय असेल, तर मूल सुरक्षित आहे याची खात्री होईपर्यंत त्याला तेथे पाठवू नये आणि पोलिसांकडे किंवा १०९८ या बालमदत क्रमांकावर तत्काळ कळवावे.

घरी ठेवावेच लागले, तर तो दिवस सुट्टीसारखा जाऊ नये. मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवावेत, पडून राहावे, पेज किंवा मऊ खिचडी खावी. खरोखर आजारी मुलाला याचे काही वाटत नाही. ज्याला बरे आहे ते मूल दुपारी दोनच्या आत कंटाळून उठते.

पाऊस, लग्न आणि ऊसतोड

ओढ्याला पाणी आले असेल, साकव वाहून गेला असेल किंवा वाट दरडीखालची असेल, तर मूल घरी ठेवणे हेच शहाणपण आहे, आणि त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची वाट पाहू नये. सुट्टी जाहीर झाल्याची बातमी मात्र शाळेच्याच गटावरून खरी करून घ्यावी, कारण मागच्या वर्षीचा आदेश तारीख न वाचता पुढे पाठवणारे लोक प्रत्येक सोसायटीत असतात. साध्या पावसाला रेनकोट आणि दप्तरावर प्लास्टिक पुरते.

लग्न जवळचे असेल तर एक दिवस जायला हरकत नाही. हळदीपासून पूजेपर्यंत आठवडाभर मूल मांडवात फिरवणे, हे टाळण्यासारखे आहे. जागरणामुळे होणारे खाडे तर पूर्णपणे आपल्या हातात आहेत. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवावेत, असा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये झोपेचाच विचार करून घेतला. पण घरातील टीव्ही अकरापर्यंत चालू असेल, तर त्याचा उपयोग होत नाही.

दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना वरचे बरेच सल्ले लागू पडत नाहीत, कारण त्यांचा खाडा एक-दोन दिवसांचा नसून पाच महिन्यांचा असतो. मूल आजीजवळ गावात राहू शकत असेल, तर निघण्याआधी मुख्याध्यापकांना भेटून हंगामी वसतिगृहाची सोय होते का ते विचारावे. मूल सोबत नेणारच असाल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे आणि कारखान्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत ते दाखवावे. दाखला हाती नाही म्हणून त्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

शाळेला कळवताना

शाळा भरण्याआधी वर्गशिक्षकांना निरोप गेला पाहिजे, आणि तो खरा असला पाहिजे. ‘बरे नाही’ एवढेच लिहिण्यापेक्षा ‘कालपासून ताप व अंगावर पुरळ आहे, डॉक्टरांकडे नेत आहोत’ असे लिहिले, तर वर्गातील आणखी दोन मुलांना तेच झाल्याचे शिक्षकांच्या लक्षात येते. तीन दिवसांहून अधिक रजा झाली तर अर्ज द्यावा आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे. अर्ज लांबलचक नको: ‘माझी मुलगी इयत्ता चौथीत शिकत असून कांजिण्या झाल्यामुळे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत शाळेत येऊ शकली नाही. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. कृपया रजा मंजूर करावी,’ एवढे पुरते. लग्नाला जाऊन आलेल्या मुलाच्या अर्जात ताप लिहू नये. मूल ते वाचते आणि पुढे स्वतः वापरते.

परतल्यावर सगळ्या वह्या एका रात्रीत उतरवून घेण्याचा आग्रह धरू नये. आधी शिक्षकांना विचारावे की या दिवसांत नवीन काय शिकवले, आणि तेवढेच समजून घ्यावे. भाषेचा धडा घरी वाचता येतो, परिसर अभ्यासाची चित्रे पाहता येतात. गणितातील नवी पायरी मात्र मधल्या सुट्टीत दहा मिनिटे काढून बाईंकडूनच, जमल्यास पुन्हा काड्या घेऊन, समजून घ्यावी.